क्योतो ते हिरोशिमा, वाटेत हिमेजी : तिकिटं, बॅगा आणि दोन लहान मुलं

प्रश्न : देवराईकर

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात सकाळी क्योतो सोडायचं, वाटेत हिमेजीचा किल्ला पाहायचा आणि रात्री हिरोशिमाला मुक्काम, असा बेत आहे. आम्ही दोघं, आई (७२, गुडघे दुखतात), मुलगी ८ वर्षांची, मुलगा ४ वर्षांचा. तीन मोठ्या बॅगा आणि एक बाबागाडी. हिमेजीला उतरायचं तर तिकीट तोडून दोन काढायची का? चार वर्षांच्या मुलाचं तिकीट लागतं का? बॅगा कुठे ठेवायच्या? आणि अशा दिवसात नेमकं काय बिनसतं, ते आधीच कळलं तर बरं.

उत्तर १ : रुळांवरून

आधी तिकिटाची रचना समजून घ्या, कारण गेटवरचे बहुतेक घोटाळे तिथेच होतात. शिनकानसेनच्या, म्हणजे बुलेट ट्रेनच्या, प्रवासाला दोन वेगळी भाडी असतात. एक मूळ भाडं, म्हणजे 'जोशाकेन'. दुसरं जलद गाडीचं, 'तोक्क्यूकेन'. मूळ भाड्याचं कागदी तिकीट १०० किलोमीटरच्या वरचं असेल तर वाटेत बाहेर पडता येतं. याला 'तोचूगेशा' म्हणतात. क्योतो-हिरोशिमा साधारण ३८० किलोमीटर आहे, म्हणजे हे तिकीट तीन दिवस चालतं. जलद गाडीच्या तिकिटाला मात्र ही मुभा नाही. गेटबाहेर पाऊल टाकलं की ते संपलं.

म्हणून मूळ तिकीट एकच घ्या, 'क्योतो-शिनाय ते हिरोशिमा-शिनाय'. 'शिनाय' म्हणजे शहराच्या हद्दीतलं कुठलंही जे-आर (जपान रेल्वे) स्टेशन. क्योतो ते हिमेजी 'शिनकाइसोकू' या साध्या जलद लोकलने जा. दीड तासाच्या आसपास लागतो, जादा पैसे नाहीत आणि दिवसा दर पंधरा मिनिटांना गाडी असते. हिमेजी ते हिरोशिमा मात्र शिनकानसेन घ्या, म्हणजे तोक्क्यूकेन फक्त त्याच टप्प्याचं लागेल. शिनकानसेनने हिमेजीला पाऊण तासात पोचता, पण तेवढ्यासाठी आणखी एक तोक्क्यूकेन काढावं लागतं.

हे तिकीट खिडकीवर, 'मिदोरी नो मादोगुची' इथे काढा. यंत्रावर दोन टप्पे वेगळे करताना गोंधळ उडतो. कागदावर आधीच लिहून न्या : मूळ तिकीट कुठून कुठे, तोक्क्यूकेन कुठून कुठे, किती मोठे, किती लहान, कोणती गाडी.

६ ते ११ वर्षांच्या मुलांना अर्धं भाडं. चार वर्षांचा मुलगा मोफत, पण आरक्षित डब्यात त्याला स्वतंत्र जागा मिळणार नाही. हवी असेल तर त्याचंही अर्धं तिकीट काढावं लागेल. हिमेजी-हिरोशिमा तासाभराचं अंतर आहे, मांडीवर बसून निभावतं. 'साकुरा' गाडीच्या आरक्षित डब्यांत दोन्ही बाजूंना दोन-दोन खुर्च्या असतात. पुढची ओळ पायाने पेडल दाबून फिरवली की चौघं समोरासमोर बसता. सोळा डब्यांच्या 'नोझोमी'त एका बाजूला तीन, दुसऱ्या बाजूला दोन. साकुरा शिन-ओसाकाहून सुटते, क्योतोला शोधू नका.

आता गेटवर काय बिनसतं. सवयीने इकोका (आधी पैसे भरून वापरायचं प्रवासाचं कार्ड) टेकवून क्योतोला आत शिरलात, तर हिमेजीला बाहेर पडताना तेवढं भाडं कार्डातून कापलं जातं आणि कागदी तिकिटाचा तो भाग फुकट जातो. बाहेर पडण्याआधी लक्षात आलं तर माणूस बसलेल्या गेटवर कागदी तिकीट आणि कार्ड दोन्ही दाखवा, ते आतल्या प्रवेशाची नोंद रद्द करून देतात. हिमेजीला शिनकानसेनच्या गेटमध्ये मूळ तिकीट आणि तोक्क्यूकेन एकावर एक ठेवून एकदमच घाला. दोन्ही तिकिटं पलीकडे बाहेर येतात, ती उचलायला लोक विसरतात. मुलं असली की हमखास.

उत्तर २ : बॅगवाले

बॅगा बरोबर नेऊच नका. शिनकाइसोकूमध्ये सकाळच्या गर्दीत तीन मोठ्या बॅगा ठेवायला जागा नसते, आणि हिमेजी स्टेशनवर मोठ्या आकाराचे लॉकर थोडेच आहेत, ते लवकर भरतात.

'ताक्क्यूबिन' या सामान पोचवणाऱ्या कुरिअर सेवेने बॅगा थेट हिरोशिमाच्या हॉटेलवर पाठवा. क्योतोच्या हॉटेलच्या काउंटरवरच होतं हे काम. दुसऱ्या दिवशी पोचतात, म्हणून निघण्याच्या आदल्या दिवशी सकाळी द्या, निघायच्या सकाळी नव्हे. इथेच बरेच जण चुकतात, आणि मग हिरोशिमाची पहिली रात्र बॅगेविना जाते. दर लांबी, रुंदी, उंची यांच्या बेरजेवर ठरतो. १६० सेंटिमीटरच्या गटात २५ किलोपर्यंत चालतं, १४० च्या गटात २० किलो. वजन जास्त झालं तर वरच्या गटाचे पैसे पडतात. फॉर्मवर हॉटेलचं नाव, मुक्कामाची तारीख आणि बुकिंग ज्या नावाने आहे तेच नाव हवं. बुकिंग पतीच्या नावाने आणि बॅग पत्नीच्या नावाने असली की हॉटेलचा काउंटर अडतो. पासपोर्ट, औषधं, चार्जर आणि एका रात्रीचे कपडे पाठीवरच्या बॅगेत ठेवा. पासपोर्ट जवळ बाळगणं पर्यटकांना बंधनकारकच आहे.

तरीही बॅगा बरोबर न्यायच्या असतील तर एक नियम माहीत हवा : सान्यो शिनकानसेनवर (हिमेजी-हिरोशिमा याच मार्गावर आहे) तीन मापांची बेरीज १६० च्या वर आणि २५० पर्यंत असेल तर मागच्या सामानाच्या जागेसह असलेली खुर्ची आरक्षित करावी लागते. तिला जादा पैसे नाहीत, पण आरक्षण नसेल तर १००० येन भरावे लागतात. भारतातून विमानात चेक-इनसाठी १५८ ची मर्यादा पाळून आणलेली बॅग १६० च्या आत बसते. चाकं आणि दांडा धरून मोजा.

लॉकरचं एक सांगतो. इकोकाने बंद केलेला लॉकर त्याच इकोकाने उघडतो. कार्ड आईच्या पर्समध्ये आणि आई किल्ल्याच्या बागेत, असं होऊ देऊ नका.

उत्तर ३ : इशिगाकी

वरच्या तिकिटाच्या सल्ल्याला एक महत्त्वाची पुस्ती. ॲपवरून घेतलेल्या स्मार्टएक्स तिकिटांवर वाटेत उतरता येत नाही. त्यात मूळ भाडं आणि जलद भाडं एकत्र असतं. क्योतो-हिरोशिमा असं घेऊन हिमेजीला उतरलात तर पुढचा प्रवास गेला. आणि विभागीय पास घेणार असाल तर क्योतो ते शिन-ओसाका हा शिनकानसेनचा टप्पा जे-आर सेंट्रल या वेगळ्या कंपनीचा आहे. जे-आर वेस्टचे पास तिथे चालत नाहीत.

किल्ल्याला अडीच-तीन तास द्या. स्टेशनच्या उत्तर दरवाजातून ओतेमाए-दोरी रस्त्याने सरळ एक किलोमीटर. शेवटचा प्रवेश चारला. मुख्य मनोऱ्यात बूट काढून पिशवीत घालून हातात घ्यायचे असतात, आणि आतले लाकडी जिने खरोखर उभे आहेत, वर जाताना हात टेकावे लागतात. गुडघे दुखत असताना आईंना वर नेऊ नका, वाईट वाटलं तरी. बाहेरच्या सान-नो-मारू मैदानातून तिकीट न काढताही पूर्ण मनोरा दिसतो, आणि एप्रिलच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात तिथे बऱ्याचदा चेरी फुललेली असते. शेजारची कोको-एन ही बाग १९९२ ची, सावकाश फिरण्याजोगी. बाबागाडी मनोऱ्यात नेता येत नाही.

देवराईकर

फार उपयोगी माहिती, आभारी आहे. आणखी दोन शंका. किल्ल्यात उशीर झाला आणि आरक्षित साकुरा चुकली तर? आणि शाकाहारी जेवणाचं काय?

रुळांवरून

गाडी सुटायच्या आधी कळलं तर खिडकीवर एकदा मोफत बदल करून मिळतो, म्हणून किल्ल्यातून निघतानाच घड्याळ बघा. सुटल्यावर बदल नाही आणि परतावाही नाही, पण त्याच तिकिटावर त्याच दिवशीच्या पुढच्या गाडीच्या अनारक्षित डब्यात बसता येतं. साकुराचे १ ते ३ डबे अनारक्षित आहेत. सवलतीच्या तिकिटांना ही सोय बहुतेक वेळा नसते.

फलाटावर आणखी एक फसगत होते. आठ डब्यांच्या आणि सोळा डब्यांच्या गाड्या वेगवेगळ्या जागी थांबतात. जमिनीवरच्या खुणेत गाडीचं नाव आणि डबा दोन्ही जुळवा. गाडी मिनिटभरच थांबते, बाबागाडी आधीच घडी करून ठेवा. आणि वेळेवर नव्हे, गाडीच्या क्रमांकावर विश्वास ठेवा. चार मिनिटांच्या अंतराने दोन गाड्या त्याच फलाटावर येतात. चुकीच्या गाडीत चढलात तर गेटबाहेर न पडता कंडक्टरला सांगा. चूक खरी असेल तर परत जाण्याची परवानगी देतात.

इशिगाकी

जेवण गाडीत चढण्याआधी घ्या. स्टेशनवर मिळणाऱ्या तयार जेवणाच्या एकीबेन डब्यांत बहुतेक मासे असतात, आणि भाज्याही माशांच्या दाशीत (अर्कात) शिजवलेल्या. ओनिगिरीत (भाताच्या गोळ्यांत) उमेबोशीची (खारवलेल्या आंबट फळाची) मागा, पण पाकिटावर 'कात्सुओ' (बोनिटो मासा) आहे का ते तपासा. काही उमेबोशीत बोनिटो माशाचा कीस असतो. कोंबूच्या (समुद्री शेवाळाच्या) ओनिगिरीतही बऱ्याचदा तोच असतो. भाजलेले रताळे, केळी, साधा भात आणि बरोबर आणलेली चटणी, लोणचं यावर दुपार सुखाने जाते. गाडीत खायला हरकत नाही. कचरा डब्याच्या टोकाला असलेल्या पेटीत टाका, रस्त्यावर पेट्या सापडत नाहीत.

बॅगवाले

टोपी, बाहुली, पाण्याची बाटली गाडीत राहिली तर सांगायला डबा आणि खुर्चीचा क्रमांक लागतो. चढल्याबरोबर तोक्क्यूकेनचा फोटो काढून ठेवा, कारण हिरोशिमाच्या गेटमध्ये तिकीट आतच राहतं. वस्तू गाडीच्या शेवटच्या स्टेशनवर उतरवली जाते. पोचल्या पोचल्या स्टेशनच्या कार्यालयात 'वासुरेमोनो' (विसरलेली वस्तू) म्हणा आणि फोटो दाखवा.

ट्रामसाठी : ३ ऑगस्ट २०२५ पासून हिरोशिमा स्टेशनची ट्राम इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावरून सुटते. जुन्या लेखांत खाली चौकात असं लिहिलेलं आढळेल, तिथे जाऊ नका.