सिझेरियनचा पाचवा दिवस: उठताना टाके ओढतात

घणसोलीकर: बहिणीला पडून बरं वाटतं, पण उठताना, खोकताना जीव जातो. गोळी अगदी असह्य झाल्यावरच द्यायची का? दुधातून बाळाला जाईल ना? मालिशवाल्या मावशी पोट चोळायचं म्हणतात.

कळवा_नर्स: असह्य होईपर्यंत थांबूच नका, चढलेली कळ उतरायला वेळ लागतो. पॅरासिटामॉल लिहून दिलेल्या वेळेलाच द्या. २४ तासांत ४ ग्रॅमपेक्षा जास्त कधीच नाही, सर्दीच्या गोळीतलंही त्यात मोजा. दुधातून अगदी थोडं जातं, अंगावर पाजायला हरकत नाही.
सरळ उठायचं नाही. गुडघे वाकवून कुशीवर वळायचं, पाय पलंगाखाली सोडायचे आणि हाताने रेटून बसायचं. खोकताना टाक्यांवर उशी घट्ट दाबायची.

ठाणे_पूर्व: पाठ-पाय चोळा, पोट अजिबात नको. टाक्यांवर हळद-तेलही नको. आपल्याकडच्या दमट हवेत पोटाच्या घडीखाली घाम साठून जखम चिघळते. टिपून कोरडी ठेवा. चड्डीचं इलॅस्टिक टाक्यांवर येऊ देऊ नका.

कळवा_नर्स: एक राहिलं. बसल्यावर वाढणारी आणि आडवं होताच उतरणारी डोकेदुखी कमरेतल्या इंजेक्शनमुळे असू शकते, भूलतज्ज्ञांना कळवा. १००.४ फॅरनहाइट ताप, टाक्यांतून पू, तासाभरात पॅड भिजणं, एकाच पोटरीला सूज, डोळ्यांपुढे अंधारी: वाट न बघता लगेच दवाखाना. दम लागला किंवा छातीत दुखलं तर लगेच १०८.