टर्मिनलच्या एडिटरमध्ये कंट्रोल-सी, व्ही, झेड नेहमीसारखे कसे चालवायचे?

बोटंचुकार: दिवसभर ब्राउझर आणि ऑफिसच्या फाइलींत काम करतो, त्यामुळे बोटं आपोआप कंट्रोल-एस, झेड, व्हीवर जातात. टर्मिनलमधून, म्हणजे नुसत्या कमांडच्या खिडकीतून, सर्व्हरवर कॉन्फिग (सेटिंगची) फाइल उघडली की मात्र नुसता वैताग. नॅनो या टर्मिनलमधल्या एडिटरमध्ये कंट्रोल-व्हीने पेस्ट होत नाही, पान खाली सरकतं. कंट्रोल-एक्स दाबून मजकूर कापायला जावं तर एडिटरच बाहेर पडायला निघतो. व्हिम या दुसऱ्या एडिटरमध्ये कंट्रोल-एस दाबलं की स्क्रीनच गोठते. 'सवय होईल' हे उत्तर नको. नेहमीच्या कळा चालतील असं काही आहे का?

काळीपाटी: आहे. पण कळ नेमकी कुठे अडते ते आधी बघा. कंट्रोल-एसने स्क्रीन गोठते यात व्हिमचा दोष नाही, कळ त्याच्यापर्यंत पोचतच नाही. जुन्या टर्मिनलांत 'थांब' आणि 'चालू कर' असे दोन इशारे होते, कंट्रोल-एस आणि कंट्रोल-क्यू. लिनक्स आजही ते पाळतं. म्हणून गोठलेली स्क्रीन कंट्रोल-क्यूने सुटते. कायमची सोय हवी असेल तर शेल (कमांड चालवणारा प्रोग्राम) सुरू होताना वाचतो त्या फाइलीत टर्मिनलची सेटिंग बदलणारी 'एसटीटीवाय' कमांड लिहा आणि तिला वजा चिन्ह लावलेलं 'आयएक्सऑन' द्या.

काही कळा मात्र कोणत्याच सेटिंगने हाती लागणार नाहीत. साध्या टर्मिनलमध्ये कंट्रोल-आय म्हणजे टॅब आणि कंट्रोल-एम म्हणजे एंटर. बाइट एकच, मग एडिटरला फरक कळणार कसा? किट्टीसारखे नवे टर्मिनल वेगळा प्रोटोकॉल वापरून हा गुंता सोडवतात, पण एडिटरलाही तो यावा लागतो.

आता नॅनो. ८.० पासून, म्हणजे २०२४ पासून, त्यात 'मॉडर्नबाइंडिंग्ज' हा पर्याय आहे: एक्स कट, सी कॉपी, व्ही पेस्ट, झेड अनडू, क्यू बाहेर. नॅनोची सिमलिंक (दुसऱ्या नावाचा दुवा) 'ई' अक्षराने सुरू होणाऱ्या नावाने केली तरी हाच मोड लागतो. गंमतशीर युक्ती आहे, मला आवडली. फक्त कंट्रोल-एने सगळं सिलेक्ट होत नाही, निवडीची खूण तेवढी लागते. जुनी आवृत्ती असेल तर नॅनोआरसी या सेटिंगच्या फाइलीत 'बाइंड' लिहून एकेक कळ बदला.

शेपटीचा_कर्सर: एवढा खटाटोप कशाला? मायक्रो हा एडिटर टाका. एकच बायनरी (चालवायची फाइल), सगळ्या कळा आधीपासूनच नेहमीच्या, माउसही चालतो. मायक्रोसॉफ्टचा २०२५ मधला 'एडिट' हा एडिटरही बघा, मुक्तस्रोत आहे आणि लिनक्सवर चालतो.

मोडल_माणूस: व्हिममध्ये एमएसविन नावाची स्क्रिप्ट सोबतच येते, ती सोर्स केली (व्हिमच्या सेटिंगमधून चालवली) की झालं. पण कंट्रोल-व्ही पेस्टकडे गेल्यावर उभा ब्लॉक निवडायला कंट्रोल-क्यू वापरावं लागतं, आणि मग व्हिम ना धड व्हिम राहतो ना नोटपॅड. मी ती काढून टाकली. आणि या कळांना 'स्टँडर्ड' म्हणताना एवढं लक्षात असू द्या की व्हिमचा पूर्वज व्हीआय १९७६ चा आहे. झेड-एक्स-सी-व्ही ही चौकडी ॲपलच्या लिसा-मॅकिंटॉशच्या वेळची, १९८३-८४ ची.

काळीपाटी: वयाचा वाद राहू द्या. ईमॅक्स या एडिटरचा सीयूए-मोड यापेक्षा हुशार आहे: मजकूर निवडलेला असेल तर कंट्रोल-एक्स कापतो, नसेल तर आपलं जुनं काम करतो.

बोटंचुकार: मायक्रो टाकला. कॉपी होतंय, पण एसएसएचने दूरच्या सर्व्हरला जोडून तिथे कॉपी केलेलं माझ्या लॅपटॉपवर पेस्ट होत नाही.

काळीपाटी: मजकूर सर्व्हरवरच राहतोय. मायक्रोत 'क्लिपबोर्ड'चं सेटिंग 'टर्मिनल' करा, म्हणजे तो ओएससी ५२ या क्लिपबोर्डसाठीच्या टर्मिनल-इशाऱ्यामार्गे तुमच्या टर्मिनलकडे येईल. टर्मिनलला ते जमायला हवं. टीमक्स (एका टर्मिनलमध्ये अनेक सत्रं चालवणारा प्रोग्राम) वापरत असाल तर त्यातही 'सेट-क्लिपबोर्ड' ऑन करा. उलट दिशेने, म्हणजे लॅपटॉपवरून सर्व्हरवर आणायला, टर्मिनलचं कंट्रोल-शिफ्ट-व्ही वापरा. बरेच टर्मिनल सुरक्षेसाठी सर्व्हरला क्लिपबोर्ड वाचू देत नाहीत, आणि ते बरोबरच आहे.

शिवाय 'एडिटर' आणि 'व्हिज्युअल' या दोन्ही एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलना (कोणता एडिटर उघडायचा हे बाकी प्रोग्रामना सांगणाऱ्या सेटिंगना) मायक्रो द्या. नाहीतर क्रॉनटॅब (ठरल्या वेळी चालणाऱ्या कामांची यादी) किंवा गिट या कोडच्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या प्रोग्रामचा कमिट मेसेज उघडला की पुन्हा व्हिम समोर येईल.

बोटंचुकार: चाललं! गिटचं खरंच तसंच होत होतं.