बाहेर खुल्या व्यवस्थेवर बोलणारे वडील घरात बहिणीच्या लग्नाला नाही म्हणतायत, काय करावं?

कांदाचाळ_निफाड

नमस्कार मंडळी, थोडं लांबलचक होईल, पण मनातलं सगळं लिहितोय.

मी निफाड तालुक्यातला, नोकरीला पुण्यात. वडील (आम्ही दादा म्हणतो) शेतकरी संघटनेचे जुने कार्यकर्ते, सदऱ्यावरचा लाल बिल्ला अजून निघालेला नाही. 'भीक नको, हवे घामाचे दाम' हे ऐकतच मी मोठा झालो. त्यामुळे लिबर्टेरियन हा शब्द कॉलेजात कळायच्या आधीच मी तसाच होतो. आपल्या कष्टाचं आपण ठरवावं, दुसऱ्याच्या आड येऊ नये आणि सरकारने मधे हात घालू नये.

८ डिसेंबर २०२३ ला केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली तेव्हा मी घरी होतो. ट्रॉली भरलेली, लाल कांदा, तो काही उन्हाळ कांद्यासारखा चाळीत महिनोन् महिने टिकत नाही, काढला की विकावाच लागतो. आम्ही बाजारात पोचलो तर लिलाव बंद. दादा ट्रॉलीवर चढले, ताडपत्री सारली आणि एकेक कांदा हातात घेऊन दाबून बघत बसले, तासभर तरी, एक शब्द बोलले नाहीत. बंदी उठली मे २०२४ मधे, तीही ४० टक्के शुल्क आणि टनाला ५५० डॉलर किमान दर लावून, आणि शुल्क पूर्ण जायला एप्रिल २०२५ उजाडलं. तो माल आमचा होता हो, बी आमचं, पाणी आमचं, मजुरी आम्ही दिलेली.

आता मत कुणाला देऊ सांगा. विधानसभेला एका बाजूने लाडकी बहीणचे १५०० चे २१०० करू म्हणाले, दुसऱ्या बाजूने ३००० देऊ म्हणाले, पण निर्यातबंदी पुन्हा कधीच लावणार नाही असं ठामपणे म्हणालेलं मी तरी कुणाकडून ऐकलं नाही. शेतमालाच्या साठ्यावर सरकारला बंधनं घालू देणारा जीवनावश्यक वस्तू कायदा १९५५ चा, तो २०२० मधे थोडा सैल केला आणि पुढच्या वर्षी इतर कृषी कायद्यांसोबत तेही मागे घेतलं. नवीन पक्ष काढायचा तर १९८९ पासून नोंदणीलाच समाजवादावर निष्ठा लिहून द्यावी लागते. म्हणजे माझ्यासारख्याने आधी खोटं लिहून द्यायचं आणि मग राजकारणात उतरायचं.

हे झालं बाहेरचं. खरा प्रश्न घरातला आहे. बहीण २७ वर्षांची, नाशिकला एका लॅबमधे कामाला, सोबतच्या मुलाशी लग्न करायचंय. मुलगा चांगला आहे, जात वेगळी. दादा म्हणतात, गावात तोंड दाखवायला जागा राहणार नाही. याच माणसाने नव्वदच्या सुमारास लक्ष्मीमुक्तीत (बायकोच्या नावावर जमीन करायची संघटनेची मोहीम) दीड एकर आईच्या नावावर केलं होतं, सगळी भावकी विरोधात असताना! मला कळतच नाही यांच्याशी कुठून बोलायला सुरुवात करू. आणि आई लाडकी बहीणचे पैसे घेते, मी तिला म्हणालो ही भीक आहे, घेऊ नको, तर ती चार दिवस माझ्याशी बोलली नाही. माझं चुकलं का?

कपाशी_अकोट

भाऊ, तुमच्या दादांना नमस्कार सांगा. मी पण बिल्लेवाला. १० जून २०१९ ला आमच्या तालुक्यातल्या अकोली जहांगीरला तणनाशक सहन करणारं, पण सरकारची मान्यता नसलेलं कपाशीचं बियाणं जाहीरपणे पेरलं, पाच वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते हे माहीत असून लोक आले होते. निंदणाला बाई मिळत नाही, मिळाली तर मजुरी परवडत नाही, आणि कोणतं बी टाकायचं ते दिल्लीत ठरणार.

बैलाचंही तसंच. २०१५ पासून राज्यात बैलाची कत्तल बंद, त्यामुळे म्हातारा बैल कुणी घेत नाही. आधी तो विकून त्यात भर घालून नवीन जोडी यायची. माझा एक सोळा वर्षांचा आहे, दात गेलेले, कडबा बारीक करून द्यावा लागतो. जीव आहे त्याच्यावर, मी तसाही विकला नसता. पण विकायचा की नाही हे मी ठरवायचं ना, माझ्या गोठ्यातलं!

१५०० चं म्हणाल तर माईला घेऊ द्या. निर्यातबंदीत गेले त्याच्या मानाने ते काहीच नाही. तिच्यावर तत्त्व नका लादू.

भीमाकाठ

तुमचा कांद्याचा राग मला पटतो, पूर्ण पटतो. पण एक गोष्ट आमच्या बाजूने बघा. महाडचं चवदार तळं १९२४ मधेच नगरपालिकेने ठराव करून सगळ्यांना खुलं केलं होतं. तरी १९२७ पर्यंत आमच्या लोकांना तिथे पाणी पिता आलं नाही, आणि पाणी प्यायल्यावर लोकांनी डोकी फोडली. तिथे कायदा आड येत नव्हता, गाव आड येत होतं. म्हणून सरकार मागे सरकलं की माणूस मोकळा झाला असं कुणी म्हणालं की मला लगेच विचारावंसं वाटतं, कोणता माणूस?

तुमच्या बहिणीलाही सरकारने अडवलेलं नाहीये. उलट विशेष विवाह कायदा १९५४ पासून तिच्यासाठी आहे. तुमच्या विचारात भावकीच्या सत्तेला नाव काय आहे ते आधी शोधा, मग दादांशी बोला. मी वाद घालायला लिहीत नाहीये, माझ्या पुतणीचं असंच झालं, तिला आम्ही सगळे मिळून उभे राहिलो म्हणून जमलं.

मुक्ता_ठाणे

भीमाकाठ यांच्याशी सहमत, पण तो कायदाही पूर्ण मोकळा नाही हे बहिणीला आधीच सांगा. आमचं लग्न तसंच झालं. दोघांपैकी एकजण त्या जिल्ह्यात किमान ३० दिवस राहिलेला हवा, मग नोटीस द्यायची, ती ऑफिसात बोर्डावर लागते, ३० दिवस हरकतीसाठी. आमच्या नोटिशीचा कुणीतरी मोबाईलवर फोटो काढला आणि संध्याकाळपर्यंत तो माझ्या काकांकडे पोचला होता. मी ते तीस दिवस मैत्रिणीच्या घरी काढले, बाल्कनीतसुद्धा गेले नाही. दोन सज्ञान माणसांच्या लग्नाची सूचना भिंतीवर कशासाठी? अलाहाबाद हायकोर्टाने २०२१ मधे ती जोडप्याच्या मर्जीवर सोडली, आपल्याकडे बोर्डावर लावतातच. नोटीस तीन महिने चालते, लग्नाच्या दिवशी तीन साक्षीदार लागतात, ते आधी पक्के करा, आमचा एक ऐनवेळी घाबरला होता.

आणि आईंबद्दल. त्या पैशांचं काय करतात विचारलंत का कधी? घेऊ नको म्हणताना तुम्ही तेच केलंत जे दादा बहिणीला करतायत. राग मानू नका, पण मला वाचताना असंच वाटलं.

कांदाचाळ_निफाड

सगळ्यांचे मनापासून आभार. मुक्ताताई, राग नाही, लागलं मात्र. शनिवारी गावी गेलो होतो.

आईला विचारलं. तिने पोस्टाचं पासबुक काढून दाखवलं, एक रुपया खर्च केलेला नाही. म्हणाली, कुणाला मागावे लागले नाहीत असे पैसे पहिल्यांदाच मिळाले. मी म्हणालो अगं पण दीड एकर तुझ्या नावावर आहे. तर म्हणाली, सातबारा माझा, पट्टी कुणाच्या नावाची निघते?

मी खरंच कधी बघितलं नव्हतं. तारेला टोचून ठेवलेल्या जुन्या पट्ट्या, म्हणजे बाजारातल्या विक्रीच्या पावत्या, खाली काढल्या, आईच्या वावरातला कांदासुद्धा सगळा दादांच्या नावावर विकलाय, पैसे दादांच्या खात्यात. तीस-पस्तीस वर्षं! दादांनी जाणूनबुजून केलं असं मी म्हणणार नाही, ट्रॅक्टर तेच नेतात, अडत्या त्यांनाच ओळखतो, नाव तेच लागतं. पण मी दोन वर्षं त्या निर्यातबंदीवर बोलतोय आणि स्वतःच्या मालाचा पैसा कधीच हातात न पडलेली बाई रोज मला भाकरी वाढत होती.

रात्री पट्ट्या दादांसमोर ठेवल्या. भीमाकाठ दादा, तुमचं चवदार तळ्याचंही सांगितलं, मला जमेल तसं. दादा पट्ट्या चाळत राहिले, मग उठून मळ्यात मोटार बंद करायला गेले. लग्नाला हो म्हणालेले नाहीत. रविवारी निघताना आईने दाराशी सांगितलं की पुढची ट्रॉली माझ्या नावावर लावायला सांगितलीये, आणि बहिणीच्या लग्नाला एक सही मी करणार. म्हणजे आई, मी आणि बहिणीची रूममेट, तीन साक्षीदार झाले.

आता एवढंच सांगा, नोटीस देताना राहत असल्याचा पुरावा म्हणून बहिणीच्या खोलीचं भाडेपत्र चालतं का? तिच्या आधारवर गावचाच पत्ता आहे.