शब्दचर्चा: रक्तातला मान्थोउ आणि टाळूवरचं लोणी

मदत हवी आहे. चिनी बातम्यांखालच्या प्रतिक्रियांत 'रक्तात बुडवलेला मान्थोउ (पिठाचा उकडलेला गोळा) खाणे' हा वाक्प्रचार दिसतो. दुर्घटनेत कुणी गेलं, की त्याच्या नावावर आपली पोळी भाजून घेणाऱ्यांना उद्देशून. मराठीत काय म्हणावं? 'स्वार्थ साधणे' अगदीच अळणी वाटतं.

—

मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणे. विषय संपला!

—

इतक्यात कुठला संपायला! हा प्रयोग आला चिनी लेखक लू शुनच्या १९१९ सालच्या 'औषध' या कथेतून. चहाचं दुकान चालवणाऱ्या म्हाताऱ्याच्या पोराला क्षय झालाय. बाप पहाटेच्या अंधारात जातो आणि औषध म्हणून नुकतंच डोकं उडवलेल्या क्रांतिकारकाच्या रक्तात बुडवलेला मान्थोउ एका काळ्या कपड्यांतल्या माणसाकडून रोख पैसे मोजून आणतो. घरी तो कमळाच्या पानात गुंडाळून चुलीत भाजतात. पोरगं जळकं साल मोडतं, आतून पांढरी वाफ निघते आणि हातात उरतात पांढऱ्या पिठाचे दोन तुकडे. पोरगं पुढे मरतंच.

आता बघा, आपल्याकडे लोणी खाणारा लुच्चा असतो. कथेत मान्थोउ खाणारं पोर बिचारं. खरं लोणी खाल्लं ते विकणाऱ्याने, आणि त्या क्रांतिकारकाला पकडून देऊन २५ लिआंग (जुनं चिनी वजन) चांदी खिशात घालणाऱ्या त्याच्याच घरच्या माणसाने. आजच्या चिनी वापरात मात्र 'खाणारा'च दोषी झालाय.

—

म्हणजे बातमीत लोणी, कथेत मान्थोउ. पटलं. पण कथेत 'पाव' नको हं, पाव भट्टीतला. मोमोही नको, त्यात सारण असतं. मान्थोउ साधारणपणे नुसता उकडलेला, बिनसारणाचा. तोच शब्द ठेवा, वाचक दोन पानांत सरावतो.

—

जाता जाता: त्याच लेखकाच्या १९१८ च्या 'वेड्याची रोजनिशी'त वेड्याला इतिहासाच्या पानापानांवर, ओळींच्या मधून, दोनच अक्षरं दिसतात. 'खा' आणि 'माणूस'. या दोन अक्षरांना 'नरभक्षण' म्हटलं की डोळ्यांसमोर वाघ येतो. इथे खाणारे आहेत रीतिरिवाज, थोरामोठ्यांचे. साधं 'माणसं खाणे' का नको? आपलं 'खाणे' पैसे खातं, शिव्या खातं, डोकं खातं.

—

नक्की चालेल. आमची आजी एका शेजारणीबद्दल म्हणायची, "त्या घराने पोर खाल्ली." कुणालाही वाघ आठवला नाही.