मदत हवी आहे: सोडवून आणलेली घोडी जवळ येऊ देत नाही, सोबत लहान शिंगरू (निपाणी भाग)

वेदगंगाकाठ:
नमस्कार मंडळी. शर्यतीच्या गाडीला जुंपत होते ती एक घोडी सोडवून निपाणीजवळ आमच्या शेतात ठेवली आहे. सोबत साधारण तीन आठवड्यांचं शिंगरू. घोडीच्या बरगड्या लांबूनही दिसतात. ओठांच्या कोपऱ्यांत काटेरी लगामाच्या जखमा आहेत, तोंडाला म्होरकी नाही. माणूस पंधरा-वीस फुटांवर आला की कान मागे चिकटवते, शिंगराला आड घेते आणि पाठ आपल्याकडे करते. लीद काढायलाही आत जाता येईना.
२० बाय ४० फुटांचं बांबूचं कुंपण आहे, एका कडेला पत्र्याची शेड. घरी म्हशी आहेत, पण घोडं कुणी पाळलेलं नाही. शिंगराला आधी लळा लावा म्हणजे आई आपोआप निवळेल, असं गावातले जाणते सांगतात. हे बरोबर आहे का? सुरुवात कुठून करू?

पागेकर:
दादा, शिंगराला अजिबात हात लावू नका. घोडीच्या लेखी तुम्ही आत्ता शिंगरू न्यायला आलेला माणूस आहात, आणि त्याला धरलंत की तिची खात्रीच पटेल. वाट उलटी आहे. २००५ साली फ्रान्समधल्या संशोधकांनी व्यालेल्या घोड्यांना पहिले पाच दिवस रोज पंधरा मिनिटं हळुवार ब्रश केला, शिंगरांना स्पर्शही केला नाही. तीच शिंगरं पुढे माणसाला कमी बुजली आणि आपणहून जवळ आली. तुमचं शिंगरू त्या वयापुढे गेलंय, तरी आईकडून शिंगराकडे हाच क्रम धरा.

आता आत कसं जायचं ते. एकाच माणसाने जायचं, ठरल्या वेळी, बोलत बोलत, म्हणजे तिला आधी चाहूल लागेल. घोड्याला नाकासमोरचा अगदी जवळचा भाग आणि शेपटीमागचा भाग दिसत नाही, म्हणून सरळ चालून न जाता वळसा घेत तिच्या खांद्याच्या रोखाने जा. नजर रोखू नका. कुठल्या अंतरावर तिचं चघळणं थांबतं आणि मान वर होते ते टिपून ठेवा. त्याच्या एक पाऊल अलीकडे उभं राहायचं. तिने कान सैल सोडला, डोळे मिचकावले, मान खाली घातली किंवा पुन्हा घास घेतला, की लगेच वळून निघून जायचं.

हे निघून जाणंच तिचं बक्षीस आहे. बहुतेक जण इथेच चुकतात: घोडी शांत झाली की आणखी पुढे सरकतात आणि तिने कान पाडून अंगावर धाव घेतली की मागे पळतात. त्यातून ती एकच गोष्ट शिकते, की धावून गेलं की माणूस जातो. म्हणून ती वेळच येऊ देऊ नका. आलीच, तर जिवाशी खेळू नका, तिच्याकडे तोंड ठेवून बाजूने बाहेर पडा आणि पुढच्या वेळी दुप्पट अंतरावरून सुरुवात करा.

घोडी आणि शिंगरू यांच्या मधे कधीही उभं राहू नका. शिंगरू स्वतः हुंगायला आलं तर एक पाऊल असं सरका की घोडीला ते पूर्ण दिसेल.

पहिला स्पर्श आयाळ संपते तिथल्या उंचवट्यावर. थोपटायचं नाही, बोटांच्या टोकांनी खाजवायचं. घोडी एकमेकींना तिथेच दातांनी खाजवतात, आणि तिथे खाजवल्याने हृदयाचे ठोके मंदावतात. दोन-तीन सेकंदांत, तिने अंग काढून घेण्याआधी, आपणच हात काढायचा. वरचा ओठ लांबवून हलवायला लागली की जागा बरोबर सापडली. तोंड दुखरं आहे, तिकडे सगळ्यात शेवटी.

मलप्रभा:
दादा, विश्वासाआधी पोट बघा. कीव येऊन लोक भरडा, गूळ, भिजवलेले हरभरे घालतात आणि उपाशी घोडी तीन-चार दिवसांनी अचानक कोसळते. रक्तात एकदम साखर वाढते, तिच्यामागे फॉस्फरस आणि मॅग्नेशियम घसरतं, हृदय आणि श्वास साथ सोडतात.

वाळवलेला लसूणघास दर चार तासांनी अर्धा किलो, रात्रीसुद्धा. पहिले तीन दिवस एवढंच. मग हळूहळू वाढवत दहाव्या दिवसापर्यंत पोटभर. दुभती घोडी पुढे वजनाच्या अडीच-तीन टक्के सुका चारा खाते, म्हणजे ३०० किलोच्या घोडीला साडेसात ते नऊ किलो. पाणी सतत भरलेलं हवं, दिवसाला पन्नास लिटरही लागू शकतं. दर चार तासांची ही फेरी म्हणजेच तुमची ओळख, म्हणून ती गड्यावर सोपवू नका. वैरण घमेल्यात ठेवून बाजूला व्हा. हातावर भरवलं की चावायची सवय लागू शकते.

म्हशीचं पशुखाद्य देऊच नका. काही खाद्यांत मोनेन्सिन नावाचं औषध असतं, गुरांना ते चालतं पण घोड्याचं हृदय निकामी करतं. ज्वारीचे कोवळे फुटवेही नकोत, विषबाधा होते.

शिंगराचं कपाळ रोज लांबूनच बघा. तिथे दूध वाळलेलं दिसलं, तर ते कासेखाली उभं राहतं पण पीत नाही, दूध कपाळावर ठिबकतं. सारखं ढुश्या देत असेल आणि पिऊन झोपत नसेल, तर आईला दूध कमी आहे. दोन्ही वेळा डॉक्टरला त्याच दिवशी बोलवा.

वेदगंगाकाठ:
पागेकर, मलप्रभा, दोघांचे आभार. पण जखमा आणि इंजेक्शन थांबू शकत नाहीत. डॉक्टर आले की धरायची कशी?

नालबंद_चिकोडी:
दोरी टाकून, चार माणसं लावून पाडू नका. १९६२ या क्रमांकावर फोन करून जनावरांचा फिरता दवाखाना मागवा आणि घोडी हाताळू देत नाही हे आधीच सांगा, म्हणजे गुंगीचं औषध सोबत येईल. शेडच्या भिंतीला लागून बांबूची तीन फुटी गल्ली करा. शिंगरू तिच्या डोळ्यांसमोर राहील असं ठेवा, नाहीतर ती बांबू मोडेल. रोज वैरण घालणाऱ्याने त्या दिवशी धरायला जायचं नाही, ते काम दुसऱ्याने करावं. नंतर तिचा विश्वास दोन पावलं मागे जाईल, तेव्हा लांबच्या अंतरावरून पुन्हा सुरू करा.

धनुर्वाताची लस आणि ग्लँडर्सची (घोड्यांचा जीवघेणा संसर्गजन्य रोग) रक्त तपासणी टाळू नका. ग्लँडर्स माणसालाही होतो. नमुना हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राकडे जातो. निकाल येईपर्यंत हातमोजे, मास्क वापरा, आणि दुसरं घोडं किंवा सामाईक हौद जवळ नको. काटेरी लगामाला ओढीच्या आणि ओझ्याच्या जनावरांवरील क्रूरता रोखणाऱ्या १९६५ च्या नियमांनी बंदी आहे, म्हणून जखमांचे फोटो काढून ठेवा.

म्होरकी चढली तरी लोंबती दोरी ठेवू नका, शिंगराचा पाय अडकतो. शिंगराला पुढे कधी धरावंच लागलं, तर एक हात छातीपुढे, दुसरा ढुंगणामागे. मानेला ओढायचं नाही. आणि कुंपणाचा सगळ्यात खालचा बांबू आजच तपासा, तिथे मोठी फट असेल तर शिंगरू झोपेत लोळत बाहेर जातं आणि घोडी कुंपणावर धडका देते.