पवना धरण, बेडसे आणि तिकोना: मार्गाबद्दल थोडी भर

रोड बाइकवरून (म्हणजे रस्त्यावरच्या सायकलवरून) पवना जलाशय आणि आजूबाजूची जुनी ठिकाणं बघायची आहेत, असं विचारलंत. आधीच्या एका उत्तरात लोणावळ्याकडून दुधिवरे खिंडीतून उतरायचं सुचवलंय. रस्ता देखणा आहे, पण तो उतार अंगावर येतो. पहिल्यांदा जात असाल तर कामशेतकडून शिरा, असा माझा आग्रह राहील.

कामशेत-पवनानगर रस्त्यावर करुंज गाव लागतं. तिथून बेडसे लेणी जवळच. तिथे सकाळीच पोचा, कारण लेणी पूर्वाभिमुख आहेत. कोवळं ऊन थेट चैत्यगृहासमोरच्या (बौद्ध प्रार्थनागृहासमोरच्या) उंच खांबांवर पडतं आणि वरचे घोडे-हत्तींवर बसलेले स्त्री-पुरुष अगदी स्पष्ट दिसतात. दोन हजार वर्षांपूर्वीचं काम, पण दागिन्यांची घडणही कळते! वर जायला बऱ्याच पायऱ्या आहेत. क्लीटचे बूट (पेडलला अडकणारे सायकलिंगचे बूट) दगडावर सटकतात, म्हणून साध्या चपला सोबत ठेवा.

पुढे पवनानगरहून तिकोना किल्ल्याच्या पायथ्याच्या तिकोना पेठेकडे वळलात की पाणी, तुंग आणि लोहगड हे किल्ले आलटून पालटून दिसत राहतात. लोहगड २०२५ पासून जागतिक वारसा यादीत आहे. उन्हाळ्यात धरणाचं पाणी ओसरलं असेल तर बुडालेलं वाघेश्वराचं मंदिर उघडं पडतं, ते चुकवू नका. त्याच्या दगडांवर चढून फोटो मात्र कृपया काढू नका.

परतताना कोळवण-पौडमार्गे पुण्यात येता येतं. शनिवार-रविवारी दुपारनंतर कॅम्पिंगवाल्यांच्या गाड्या वाढतात, त्याआधी निघा.