मदत हवी आहे: वेल्समधलं १८३७ च्या आधीचं एक लग्न सापडत नाहीये

नमस्कार मंडळी,

इथे वंशावळीचा नाद असलेले बरेच जण आहेत म्हणून विचारतेय. नवरा वेल्श आहे, आणि सासूबाईंच्या घराण्याची वंशावळ काढायचं काम (कुणी सांगितलं नव्हतं, मीच अंगावर घेतलं) एका लग्नापाशी येऊन अडकलंय.

गाव दिनास, पेम्ब्रुकशायरच्या उत्तर किनाऱ्यावर, फिशगार्ड आणि न्यूपोर्टच्या मधे. हे न्यूपोर्ट म्हणजे छोटं, कार्डिफजवळचं मोठं शहर नव्हे, सर्च केलं की नेमकं तेच वर येतं. घरात सांगतात की लग्न खाली समुद्रालगतच्या सेंट ब्रायनॅक चर्चमध्ये लागलं. ते चर्च ऑक्टोबर १८५९ च्या वादळात गेलं, रॉयल चार्टर जहाज बुडालं तेच वादळ, आता घंटेची कमान असलेली एक भिंत उरलीये.

त्या लग्नातला नवरा आडनावाने डेव्हिस, खलाशी. १८४१ च्या जनगणनेत घरी नाही, बोटीवर असणार. बायको आणि मुलं आहेत, मोठी मुलगी ११ वर्षांची. त्या जनगणनेत मोठ्यांची वयं पाचाच्या पटीत खाली आणून लिहिलीयेत त्यामुळे बाईंच्या वयावर भरवसा नाही, पण पंधराच्या आतल्या मुलांचं वय नीट लिहायचे, म्हणजे लग्न १८३० च्या आसपास धरतेय. घर बॅप्टिस्ट, ते तान्ह्या बाळांचा बाप्तिस्मा करत नाहीत, त्यामुळे तीही नोंद नाही. १८५१ मध्ये बाईंचा जन्म न्यूपोर्टचा लिहिलाय.

चॅपलवाले (म्हणजे अँग्लिकन चर्चच्या बाहेरचे, जसे हे बॅप्टिस्ट) असले तरी लग्न चर्चमध्येच लागलं असणार एवढं कळतंय, कारण १७५४ पासून १८३७ पर्यंत क्वेकर आणि ज्यू सोडून सगळ्यांना अँग्लिकन चर्चमध्येच लग्न लावावं लागायचं. दिनासच्या लग्ननोंदींच्या इंडेक्समध्ये काही नाही. न्यूपोर्टला त्याच नावाची दोन जोडपी आहेत, दोन वर्षांच्या अंतराने! आणि त्या काळच्या नोंदीत वडलांचं नाव नाही, वय नाही, धंदाही नाही, नुसतं 'या पॅरिशचा (चर्चच्या हद्दीतला) अविवाहित' आणि खाली सही किंवा फुली. डेव्हिस, थॉमस, जॉन, मेरी एवढ्या चार नावांवर अख्खा किनारा चाललाय, डोकं फिरतं अक्षरशः. यातलं आपलं जोडपं कोणतं हे कसं ठरवायचं?

प्रतिसाद १
आधी मॅरेज बाँड (लग्नाचं लायसन काढताना द्यायचं हमीपत्र) बघा. ॲबरिस्टविथच्या नॅशनल लायब्ररी ऑफ वेल्सकडे आहेत, १८३७ पर्यंतचा इंडेक्स ऑनलाइन फुकट शोधता येतो. तीन रविवार चर्चमध्ये लग्नाचा पुकारा करायचा तर तेवढा वेळ जमिनीवर राहायला हवं, खलाशाला ते जमेलच असं नाही, मग लायसन काढायचं. लायसनच्या बाँडवर नवऱ्याचा धंदा आणि जामीनदाराचं नाव असतं, तो बरेचदा नात्यातलाच निघतो. आणि दिनासमध्ये नाही असं इंडेक्सवरून ठरवू नका. चर्चच्या रजिस्टरची नक्कल बिशपकडे जायची, त्या नकलाही नॅशनल लायब्ररीतच आहेत. नकलांमधे मधली वर्षं गायब असतात, पण बघाच.

प्रतिसाद २
दोन जोडप्यांचा गुंता फुलीवरून सुटू शकतो ताई. १८४५ ते १८५३ मध्ये ब्रिटिश खलाशांना तिकिटं (ओळखपत्रासारखी) द्यायचे, त्याच्या नोंदवह्या लंडनमधल्या क्यूच्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये आहेत. जन्मगाव, जन्मतारीख, उंची, डोळ्यांचा रंग आणि लिहिता येतं की नाही हे सगळं त्यात आहे. तुमचा माणूस लिहिणारा निघाला आणि एका नोंदीत नवऱ्याची फुली असेल तर ती बाजूला ठेवता येईल. उलटं मात्र धरू नका, नुसती सही करता येणारेही स्वतःला न लिहिणारे सांगायचे. दोन्ही नोंदींचे साक्षीदार पण उतरवून घ्या, हे इंडेक्समध्ये मिळत नाही, मूळ पानाचा फोटोच लागतो.

धागाकर्ती
दोघांनाही खूप खूप धन्यवाद! तिकिटांचं माहीतच नव्हतं. अजून एक, सासूबाई म्हणतात त्या भागात लग्नाआधी छापील बोलावणं निघायचं आणि लोक पैसे द्यायचे, ते वहीत लिहून त्यांच्या घरच्या लग्नात फेडायचे, म्हणजे आपला आहेरच की हो. ती पत्रं कुठे मिळतात का?

प्रतिसाद १
हो, बिडिंग लेटर म्हणतात त्याला. नॅशनल लायब्ररीकडे आहेत, कार्मार्थन-कार्डिगनकडची भरपूर. सापडलं तर लॉटरीच, कारण त्यात बरेचदा दोघांच्या आईवडलांची नावं छापलेली असतात. पण आधी बाँड. आणि बाईंचं थडगं सापडतंय का बघा, वेल्समधे बायकोचं माहेरचं आडनाव दगडावर तसंच ठेवायची पद्धत बरीच होती.